नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर पीसी बंद का पडतो?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला आणि जुन्या पीसीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. सगळाच पीसी नवा घ्यायचा तर खर्च मोठा. मग नवे विंडोज टाकताना एसएसडी बसवून घ्यायची आणि हात थोडा सैल असेल तर मुलांच्या आग्रहाखातर गेमची चित्रे पडद्यावर उमटवणारे बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डही घ्यायचे, असा मधला मार्ग निघतो. आपल्या गोव्यात ही खरेदी बहुधा चवथ-दिवाळीच्या सुमारास होते. ऑनलाइन सेल असतात, बोनस हातात आलेला असतो.

कार्ड घरी येते, बसवले जाते, पडद्यावर चित्रही दिसते. गेम सुरू करून पाच-दहा मिनिटे होतात आणि पडदा काळा पडतो, किंवा पीसी आपोआप रिस्टार्ट होतो. परत चालू केला की ईमेल, यूट्यूब सगळे सुरळीत. गेम लावला की पुन्हा तेच. मग घरातून, मित्रांकडून एकच निदान येते: "कार्ड फॉल्टी आहे, परत कर."

हे निदान घाईचे आहे. कार्ड खराब निघू शकते, नाही असे नाही. पण पुष्कळदा नवे कार्ड पीसीतल्या दुसऱ्याच कुठल्या तरी भागाची कमजोरी उघडी पाडते. ती कमजोरी आधीपासून होती, तिच्यावर ताण आला नव्हता एवढेच. हे लक्षात न घेता लोक आधी कार्ड बदलतात, मग रॅम (तात्पुरती मेमरी), मग मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड), आणि हजारो रुपये घालवूनही पीसी बंद पडतच राहतो. कष्टाचे पैसे असे अंदाजावर जाताना बघवत नाहीत, म्हणून हा लेख.

## कार्ड नेमके किती वीज मागते

पीसीत येणारी २३० व्होल्टची घरगुती वीज थेट कुठल्याच भागाला चालत नाही. तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करणारा धातूचा डबा कॅबिनेटमध्ये असतो. त्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात. ग्राफिक्स कार्डाची भूक मुख्यत्वे १२ व्होल्टच्या विजेवर भागते.

ही वीज कार्डाला दोन वाटांनी मिळते. मदरबोर्डवरच्या ज्या लांब खाचेत कार्ड बसते, त्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट. त्याहून जास्त हवी असेल तर एसएमपीएसमधून थेट येणारी केबल लागते: सहा पिनांची असेल तर ७५ वॅट, आठ पिनांची असेल तर १५० वॅट.

आता आकडे पाहा. जीटीएक्स १६५० हे साधे कार्ड ७५ वॅटमध्ये भागवते, त्याच्या अनेक मॉडेलांना वेगळी केबलही लागत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरटीएक्स ३०६० ला १७०, आरटीएक्स ३०८० ला ३२०. आरटीएक्स ५०९० तर ५७५ वॅटपर्यंत जाते. ऑफिसच्या साध्या पीसीचा प्रोसेसर बहुधा ६५ वॅटच्या वर्गातला असतो. म्हणजे काल-परवापर्यंत जो पीसी शंभर-सव्वाशे वॅटमध्ये चालत होता, तोच कार्ड बसवल्यानंतर गेम लावताच तीनशेच्या आसपास जातो. कार्ड सोडून बाकीचे सगळे भाग तेच आहेत, पण त्यांच्याकडून मागणी अडीच-तीनपट झाली आहे.

## बंद पडतो म्हणजे कसा पडतो?

दुकानात किंवा जाणकार मित्राकडे गेल्यावर "पीसी बंद पडतो" एवढेच सांगितले तर त्यालाही अंदाजच करावा लागतो. बंद पडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि तपासाची निम्मी दिशा तिथेच ठरते.

ब्लू स्क्रीन नाही, संदेश नाही, कोणीतरी प्लग ओढावा तसा पीसी क्षणात बंद झाला किंवा रिस्टार्ट झाला, तर पहिला संशय विजेवर. एसएमपीएस, यूपीएस, केबल, घराची वायरिंग, या क्रमाने पाहायचे.

पडदा काळा पडला, पण गेमचा आवाज चालूच आहे, किंवा कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरू लागले, तर विंडोजचा कार्डाशी संपर्क तुटला आहे. इथे कार्ड, त्याची केबल, स्लॉटमधली बैठक आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) हे सगळे संशयित.

निळा पडदा येऊन त्यावर काही लिहिले असेल तर तेवढे लिहून घ्या, नाहीतर मोबाइलवर फोटो काढा. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असेल तर रोख कार्डाकडे आणि ड्रायव्हरकडे. 'मेमरी मॅनेजमेंट' असेल तर आधी रॅम तपासावी. 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' हा संदेश हार्डवेअरने स्वतःच नोंदवलेल्या बिघाडाचा असतो, आणि त्यात प्रोसेसरही येतो.

फक्त गेम बंद होऊन डेस्कटॉपवर आलात आणि बाकी सगळे शाबूत असेल, तर वीज बहुधा निर्दोष आहे. तो गेम, ड्रायव्हर किंवा रॅम पाहा.

आणि पडद्यावर मुळात काहीच येत नसेल, तर आधी मॉनिटरची केबल कुठे खोचली आहे ते बघा. जुन्या सवयीने ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये राहते आणि नवे कार्ड बिचारे रिकामेच फिरत बसते. केबल बरोबर असेल तर कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण दाबले गेले आहे का, आणि मदरबोर्ड जुना असल्यास त्याचा बायोस (पीसी सुरू करणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) अपडेट करावा लागेल का, हे पाहायचे.

## "इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसतेय, म्हणजे विंडोजच बिघडले ना?"

विंडोज स्वतःची एक नोंदवही ठेवते. तिचे नाव इव्हेंट व्ह्यूअर. पीसी असा अचानक गेला की पुढच्या वेळी सुरू होताना त्यात 'कर्नल-पॉवर, ४१' ही नोंद येते. इंटरनेटवर हा आकडा शोधला की नाना उपाय सापडतात आणि लोक विंडोज फॉरमॅट मारायला बसतात.

या नोंदीचा अर्थ इतकाच आहे: मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. कशामुळे, ते ही नोंद सांगत नाही. वीज गेली आणि पीसी बंद पडला तरी हीच नोंद येते. त्या नोंदीच्या तपशिलात 'बगचेक कोड' (ब्लू स्क्रीनचा क्रमांक) शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज तुटली किंवा सगळे जागच्या जागी गोठले, असे समजायला हरकत नाही. त्यामुळे शून्य दिसला की सॉफ्टवेअरपेक्षा विजेकडे आधी वळावे.

इव्हेंट व्ह्यूअरपेक्षा सोपी जागा म्हणजे 'रिलायबिलिटी हिस्ट्री'. स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' टाइप केले की सापडते. तिथे तारखेनुसार लाल फुल्या दिसतात. 'लाइव्हकर्नलइव्हेंट' आणि पुढे १४१ असा कोड दिसला तर कार्डाने वेळेत उत्तर दिले नाही, असा त्याचा अर्थ. व्हिस्टापासून विंडोजचा नियमच आहे की ग्राफिक्सच्या कामात कार्ड दोन सेकंद अडकून पडले, तर त्याला नव्याने सुरू करून पाहायचे. तरी जमले नाही तर मग ब्लू स्क्रीन.

## एसएमपीएसच्या डब्यावरचे लेबल वाचा

कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसवरचे लेबल वाचा. मोठ्या अक्षरांत ४५० किंवा ५०० लिहिलेले असते. ते सोडून द्या. खाली एक तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. समजा तिथे १८ अँपिअर आहे, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. डब्यावर ४५० लिहिले असले तरी कार्ड आणि प्रोसेसर दोघांना मिळून त्यातले २१६ वॅटच मिळणार. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसमध्ये ही तफावत सर्रास दिसते. काही लेबलांवर तर एकूण बेरीजच लागत नाही.

चांगल्या एसएमपीएसच्या लेबलावर १२ व्होल्टची क्षमता एकूण क्षमतेच्या जवळपास असते. ५५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टच्या खाली ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसला तर तो आकडा खरा मानता येतो.

"पण माझ्याकडे ८० प्लसचा शिक्का आहे," असे कोणी म्हणेल. तो शिक्का कार्यक्षमतेचा आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज वाया जाते, एवढेच तो सांगतो. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) कसे आहेत, जास्त भार आल्यावर संरक्षण नीट चालते का, हे त्यातून कळत नाही. शिक्का नसण्यापेक्षा असणे बरे, पण त्यावर विसंबू नये.

वय हाही मुद्दा आहे. सात-आठ वर्षे चाललेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेले असतात. कागदावर तो ५०० वॅटचा असला तरी आता तेवढा भार पेलेलच असे नाही.

## "मी तर साडेसहाशे वॅटचा चांगला घेतलाय, तरी बंद पडतो"

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे बारकाईने समजून घ्यावे लागते. कार्डाचे जे वॅट सांगतात ती सरासरी असते. प्रत्यक्षात कार्ड एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात दुप्पट किंवा त्याहून जास्त वीज ओढते आणि लगेच खाली येते. अशा क्षणिक उसळीला स्पाइक म्हणतात.

देवळातल्या समाराधनेची पंगत डोळ्यांसमोर आणा. भात सगळ्यांना पुरून उरेल इतका शिजवलेला आहे. पण अख्ख्या पंगतीने एकाच क्षणी "भात!" म्हणून हाक मारली तर वाढप्याचे दोन हात पुरत नाहीत. एसएमपीएसचे असेच होते. एकूण वीज पुरेशी असते, पण एकाच क्षणी आलेली मागणी त्याला झेपत नाही. त्यातली संरक्षण यंत्रणा ही मागणी म्हणजे शॉर्ट सर्किट किंवा ओव्हरलोड समजते आणि पीसी बंद करते.

२०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ही कार्डे आली तेव्हा चांगल्या, महागड्या एसएमपीएसवरही हा त्रास झाला. त्यानंतर २०२२ मध्ये एसएमपीएससाठी एटीएक्स ३.० हे नवे मानक आले. त्यानुसार एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सहन करायला हवा. आज नवा एसएमपीएस घ्यायचाच असेल तर खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेले बघून घ्या. माझ्या मते मधल्या किमतीच्या कार्डासाठी जास्त वॅटच्या जुन्या डिझाइनपेक्षा थोड्या कमी वॅटचा एटीएक्स ३.१ चा डबा बरा.

मात्र विकत घेण्याआधी एक फुकटची चाचणी करा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालते. त्यात 'पॉवर लिमिट' नावाची पट्टी असते. ती १०० वरून ७० टक्क्यांवर आणा आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमचा वेग (सेकंदाला किती चित्रे दिसतात तो) ६० वर बांधून टाका. आता जो गेम दहा मिनिटांत बंद पडत होता तो तासभर चालला, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा उष्णतेत असण्याची शक्यता बरीच आहे. तरीही बंद पडला तर एसएमपीएसवर पैसे घालण्याची घाई करू नका.

## केबल आणि तिची खिट्टी

आठ पिनांचा कनेक्टर बहुधा एकसंध नसतो. सहा पिनांचा एक तुकडा आणि दोन पिनांचा दुसरा, असे दोन तुकडे जोडून तो आठचा होतो. खोचताना दोन पिनांचा तुकडा किंचित मागे राहतो. वरून पाहिले तर बसल्यासारखा दिसतो, पण बोटाने चाचपले की कडेला केसभर फट लागते. दोन्ही तुकडे एकत्र धरून सरळ दाबायचे आणि वरची प्लास्टिकची खिट्टी कार्डाच्या ओठावर चढली हे डोळ्यांनी पाहायचे. अर्धवट बसलेली पिन तापते आणि तापली की प्लास्टिक वितळू लागते.

कार्डाला दोन कनेक्टर लागत असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणाव्यात. एकाच केबलला दोन तोंडे असतात, ती दोन्ही एकाच कार्डाला लावणे छोट्या कार्डाला चालून जाते, मोठ्या कार्डाला टाळावे.

साटा केबलवरून (हार्ड डिस्कसारख्या भागांना वीज देणाऱ्या केबलवरून) कार्डाला वीज देणारे स्वस्त अडॅप्टर बाजारात मिळतात. ते घेऊ नका. साटाच्या वीज कनेक्टरमधून १२ व्होल्टवर फार तर ५४ वॅट घेता येतात आणि अडॅप्टरचे दुसरे टोक १५० वॅट मागते. या हिशेबात आग लागण्याचा धोका आहे. तसेच, ज्या एसएमपीएसच्या केबल सुट्या होतात, त्याला दुसऱ्या कंपनीच्या केबल लावू नयेत. तोंडे सारखी दिसली तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो आणि क्षणात कार्ड जळू शकते.

महागड्या कार्डांवर आता १६ पिनांचा छोटा कनेक्टर असतो. त्यातून ६०० वॅटपर्यंत वीज जाते. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० ची काही कार्डे इथेच वितळली होती. तो पूर्ण खोचलेला असणे आणि तोंडाजवळ केबल लगेच वाकवलेली नसणे, या दोन गोष्टी पाहाव्यात.

## यूपीएस आणि इन्व्हर्टर: आपल्याकडे इथेच घोडे अडते

परदेशी व्हिडिओंत या विषयावर सहसा काही सांगत नाहीत, कारण तिथे घरोघर यूपीएस नसतो. गोव्यात पावसाळ्यात माडाची झावळी तारांवर पडली की वीज गेली. त्यामुळे पीसी म्हटला की यूपीएस आलाच.

घरात बहुधा ६०० व्हीएचा यूपीएस असतो. व्हीए आणि वॅट एक नव्हेत. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो, तेही बॅटरी नवी असताना. त्यावर मॉनिटर, राउटर, स्पीकर लावलेले असतात. जुन्या पीसीला हे सगळे मिळून पुरत होते. नव्या कार्डानंतर पुरत नाही.

डिचोलीला माझ्या भाच्याकडे हेच झाले होते. नवे कार्ड बसवले आणि पीसी अवेळी बंद पडू लागला. कार्ड परत पाठवायचे ठरलेच होते. पण बंद पडण्याची वेळ वहिनीने नेमकी हेरली: विहिरीचा पंप सुरू केला की पीसी जातो. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर खूप वीज ओढते, घरातला व्होल्टेज खाली येतो, बल्ब मिणमिणतो. यूपीएसला वाटते वीज गेली, तो टक् करून बॅटरीवर जातो. आधी या टक् आवाजाकडे कोणाचे लक्षही नव्हते, कारण तेवढा भार बॅटरी उचलत होती. आता गेम चालू असताना भार तिप्पट झालेला, बॅटरी जुनी, यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद. यूपीएस बाजूला ठेवून पीसी भिंतीच्या सॉकेटला लावला तेव्हा पंप चालू असतानाही गेम चालत राहिला. कार्डात काहीच दोष नव्हता.

हीच चाचणी तुम्हीही करा: आभाळ स्वच्छ असेल अशा दिवशी पीसी यूपीएसशिवाय थेट सॉकेटला लावून पाहा. पावसाळी गडगडाट असताना मात्र हा प्रयोग नको.

इन्व्हर्टरवर पीसी चालवणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. वीज गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर जाईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तेवढा वेळ एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर पीसी तगवतो. पूर्ण भारावर हा वेळ साधारण १२ ते १७ मिलिसेकंद असावा अशी अपेक्षा असते. हलक्या भारावर तो लांबतो, जड भारावर आखडतो, आणि स्वस्त डब्यांत मुळातच कमी असतो. म्हणून कार्ड नसताना वीज गेली तरी पीसी चालू राहत होता, आता गेम चालू असताना जातो. अनेक इन्व्हर्टरांच्या मागे 'यूपीएस मोड'चे बटण असते. ते लावले की बदल लवकर होतो. तसेच काही स्वस्त यूपीएस आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची वीज देतात, आणि ती काही चांगल्या एसएमपीएसना मानवत नाही. नवा घेताना 'प्युअर साइन वेव्ह' मागावा.

## अर्थिंग आणि खारी हवा

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा कमजोर आहे. आपल्याकडे जांभ्याची जमीन. पावसाळ्यानंतर वरची ओल जाते आणि एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. पीसी बंद पडण्याचे कारण दर वेळी हेच असते असे नाही, पण जिवाचा प्रश्न आहे, तो टाळू नये.

किनाऱ्याजवळच्या गावांत, कळंगुट-कोलव्यापासून मांद्रेपर्यंत, खाऱ्या दमट हवेने धातूचे संपर्क काळवंडतात. जुना स्लॉट वर्षानुवर्षे उघडा पडलेला असतो आणि त्यातच नवे कार्ड बसवले जाते. पीसी बंद करून, प्लग काढून, कार्ड बाहेर काढावे. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सोनेरी कडा पुसाव्यात, सुकू द्याव्यात, मग कार्ड पुन्हा घट्ट बसवून स्क्रू लावावा. खोडरबरने घासायची पद्धत रॅमसाठी सगळीकडे रूढ आहे, पण खोडरबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो आणि सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो. जड कार्ड एका बाजूने खाली झुकत असेल तर त्याला खालून आधार द्या.

## ड्रायव्हर: फॉरमॅट मारायची गरज नाही

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यात संवाद घडवणारे सॉफ्टवेअर. जुने कार्ड एएमडीचे आणि नवे एनव्हिडियाचे असेल, किंवा उलट, तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष मागे राहून गोंधळ घालतात. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हे मोफत साधन आहे. आधी नव्या कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवा. मग इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घालून मोकळे होते. सेफ मोडमध्ये डीडीयू चालवून जुने सगळे पुसा, रिस्टार्ट करा, नवा ड्रायव्हर बसवा.

सगळ्यात ताजा ड्रायव्हर सगळ्यात चांगला असतोच असे नाही. एखाद्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर मागची आवृत्ती टाकून पाहायला काहीच हरकत नाही.

## उन्हाळा आणि बंद कॅबिनेट

मे महिन्यात गोव्यात दुपारी पारा ३३-३४ अंशांवर असतो. काचेच्या, पुढून बंद असलेल्या कॅबिनेटमध्ये आतली हवा याहून बरीच तापते. तरी लक्षात घ्या, आजची कार्डे तापली की आधी स्वतःचा वेग कमी करतात. आरटीएक्स ३०६० ची कमाल मर्यादा ९३ अंश आहे, आणि तिथे पोचण्याआधीच ते मंद होऊ लागते. त्यामुळे गेम आधी अडखळत चालला आणि मग बंद पडला, तर उष्णतेचा संशय घ्या. झटक्यात बंद पडला तर तो संशय मागे ठेवा. खात्री करायची तर कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून, समोर घरचा पंखा लावून गेम चालवा.

## रॅम आणि प्रोसेसर, जे कार्डाचे रूप घेतात

रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सेटिंग असते. ती तात्पुरती बंद करून पाहा. जुन्या कार्डावर रॅमवर फारसा ताण येत नव्हता, आता येतो. मेमटेस्ट८६ हे मोफत साधन पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवता येते. एक जरी चूक दाखवली तरी रॅम दोषी किंवा तिचा वेग जास्त.

प्रोसेसरचे एक प्रकरण मुद्दाम सांगायला हवे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी अनेकांत गेम बंद पडण्याचा दोष निघाला. पडद्यावर संदेश यायचा 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी', म्हणजे कार्डाची मेमरी संपली. साहजिकच लोकांनी कार्डे बदलली. मूळ दोष प्रोसेसरला चुकीने जास्त व्होल्टेज जाण्यात होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यावर सुधारणा दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे या पिढीचा प्रोसेसर असेल तर मदरबोर्डचा बायोस आधी अपडेट करा. आधीच झालेली हानी मात्र अपडेटने भरून येत नाही, त्यासाठी वॉरंटीच मागावी लागते.

## सेकंडहँड कार्ड घेतले असेल तर

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचे मायनिंग करणे, म्हणजे कार्डाला गणिते सोडवायला लावून ते चलन कमावणे, संपले. दिवसरात्र राबलेली हजारो कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतल्या काहींचा बायोस (कार्डातलेच मूळ सॉफ्टवेअर) मायनिंगसाठी बदललेला असतो आणि तो गेममध्ये टिकत नाही. काही कार्डांवर वरच्या कडेला एक इवलासा स्विच असतो. तो दुसऱ्या बाजूला सरकवला की मूळ बायोस मिळण्याची शक्यता असते. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवून कार्ड ज्या नावाने विकले गेले, खरेच त्याच नावाचे आहे का तेही पाहा. 'आरएक्स ५८० २०४८एसपी' म्हणून जे मिळते ते आतून जवळपास आरएक्स ५७० असते.

## "दुकानदार म्हणतो, माझ्याकडे नीट चालले"

तो खरे सांगत असू शकतो. त्याच्या टेबलावर कार्ड मोकळ्या हवेत, एसीत, मोठ्या एसएमपीएसवर चालते. तुमचा यूपीएस आणि तुमचे कॅबिनेट तिथे नसतात. म्हणून फक्त कार्ड नेऊ नका, अख्खा पीसी न्या आणि जो गेम बंद पडतो तोच तिथे अर्धा तास लावायला सांगा. तिथेही बंद पडला तर त्याचा एसएमपीएस जोडून पुन्हा लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि पीसी सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही आणि दोन्हींचे पैसे द्यावे लागतात.

इतके करून कार्डच दोषी ठरले, म्हणजे दुसऱ्या चांगल्या पीसीतही ते तसेच बंद पडते आणि तुमच्या पीसीत जुने कार्ड त्याच एसएमपीएसवर, थेट सॉकेटला, गेममध्ये टिकते, तर वॉरंटीचा दावा भक्कम होतो. बिल, कार्डाच्या मागचा सीरियल नंबर, बंद पडताना काढलेले फोटो आणि रिलायबिलिटी हिस्ट्रीचा स्क्रीनशॉट सोबत ठेवा. कार्डावरचे स्टिकर फाडू नका आणि पंखे उघडून स्वतः थर्मल पेस्ट लावायला जाऊ नका, काही कंपन्या त्यावर बोट ठेवून वॉरंटी नाकारतात. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.